अक्काच्या पाठीतला आवाज

साखर कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला खोकला असायचाच, असं श्रीगोंद्याकडे सगळे धरून चालतात. हंगाम सुरू झाला की उसाचा वाळलेला चोथा हवेत उडतो, रस शुद्ध करण्यासाठी गंधक जाळतात त्याचा वास घशात बसतो, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत आमची अख्खी कॉलनी खोकत असते. मी तिथल्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. रसाचे नमुने तपासायचे, साखर किती उतरेल ते सांगायचं, हे माझं काम. त्यामुळे माझ्या छातीत शिट्टी वाजायला लागली तेव्हा मला, माझ्या यजमानांना आणि जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना कारण शोधावं लागलंच नाही. धुळीचा दमा.

डॉक्टरांनी तोंडात मारायचा पंप दिला. तो मारला की बरं वाटायचं, किंवा वाटतंय असं मी मनाशी म्हणायचे. हंगाम संपला, धूळ बसली, तरी शिट्टी राहिलीच. मग पावसाळ्यात दमट हवेला दोष दिला आणि थंडीत थंडीला. वर्षातून एकदा तरी ताप येऊन न्यूमोनिया व्हायचा, तो गोळ्यांनी उतरायचा. अशी बरीच वर्षं गेली. यजमान कारखान्यातच फिटर आहेत, दिवसभर ऊस गाळायच्या गिरण्यांच्या आवाजात असतात. ते म्हणायचे, "तुझी शिट्टी आता मला झोपेची गोळी झालीय. ती वाजली नाही तर मला झोप यायची नाही." मीही हसायचे.

मग एका सकाळी प्रयोगशाळेत, रसाची बाटली हातात असतानाच, खोकल्याची उबळ आली. बाटली ठेवून मी बेसिनवर वाकले. पांढऱ्या बेसिनमध्ये लालभडक रक्त पडलं. चांगलं ओंजळभर असेल. मी नळ सोडला आणि शेवटचा लाल धागा जाळीतून खाली जाईपर्यंत बघत उभी राहिले. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, काय झालं?"

"काही नाही. हिरडी सोलवटली."

खोटं किती सहज तोंडातून गेलं. रक्त पडलं की ते लपवायचं असतं, हे माझ्या अंगात आधीपासून होतं. कुठून आलं ते मला तेव्हा आठवलं नाही. दोन दिवसांनी पुन्हा तसंच झालं, तेव्हा मात्र यजमान समोर होते. त्यांनी रजा टाकली आणि मला नगरला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर बाई माझ्यापेक्षा वयानं लहान होत्या. बोलणं कमी. त्यांनी मला पाठ करून बसवलं आणि स्टेथोस्कोप लावून ऐकत राहिल्या. वर, खाली, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. उजवीकडे खाली आल्या आणि तिथेच थांबल्या. "जोरात श्वास सोडा. अजून. अजून एकदा."

मग समोर येऊन बसल्या. "दमा असला ना, तर छातीभर वाजतं. दोन्ही बाजूंना, वेगवेगळ्या सुरांत. तुमचं तसं नाहीये. एकाच जागी वाजतंय, आणि एकच सूर आहे. काहीतरी एका नळीत अडकून बसलंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे. "ऐकायचंय तुम्हाला?"

त्यांनी स्टेथोस्कोपची टोकं माझ्या कानात घातली आणि दुसरं टोक पाठीवर, त्याच जागी धरलं. मी श्वास सोडला.

तो अक्काचा आवाज होता.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमचं गाव राजूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. भाताची खाचरं, घराच्या मागं गुरांची पडवी. अक्का आणि मी यांच्यात इतकं अंतर होतं की परक्या माणसांना ती माझी मावशी वाटायची. माझ्या आठवणीत तिचं लग्न नाही, तिचं परत येणं आहे. तिला संगमनेरकडे दिली होती. तिच्या सासऱ्यानं तिला एक दिवस आणून अंगणात उभी केली. ही खोकते, रक्त टाकते, हिला क्षय आहे, आमच्या घरात लहान पोरं आहेत, असं म्हणाला आणि पाणीही न पिता गेला. पुढं नवऱ्यानं दुसरी केली.

आमच्याही घरात लहान पोरं होती. मी होते, माझा भाऊ होता. आईनं अक्काला मागच्या पडवीत जागा करून दिली. तिचं ताट वेगळं केलं, तांब्या वेगळा केला. आम्हाला दम दिला की तिकडं फिरकायचं नाही. दवाखान्यातून सुया आणि गोळ्या सुरू झाल्या. महिनोन्‌महिने सुया टोचून तिचे दंड दगडासारखे झाले, पण खोकला तसाच राहिला.

आई खाचरात गेली की मी पडवीत जायचे. अक्का मला बघून भिंतीकडं तोंड फिरवायची, तिचा श्वास माझ्या अंगावर येऊ नये म्हणून. "म्होरं येऊ नगं," म्हणायची. "पाठीशी बस." म्हणून मी तिच्या पाठीला टेकून बसायचे. ती भिंतीकडं बघत मला पाढे म्हणायला लावायची, चुकले की हसायची, आणि हसली की तिला खोकला यायचा. माझ्या आठवणीत तिचा चेहरा धूसर आहे. तिची पाठ मात्र मी अजून हातानं काढून दाखवीन. चोळीच्या वर आलेलं मणक्याचं हाड, मानेवरचे बारीक केस, आणि उजव्या खांद्याच्या फऱ्याखालची ती जागा. तिथं कान लावला की आत शिट्टी ऐकू यायची. बारीक, लांब, श्वास संपेपर्यंत.

"अक्का, आत काय हाय गं?"

"पाखरू हाय."

"ते भाईर कधी येनार?"

"त्याला वाट गावली म्हंजी यील."

बाजाराचा दिवस होता. आई भावाला घेऊन राजूरला गेली होती, वडील खाचरात होते. मी पडवीत अक्काच्या पाठीशी बसले होते. तिला खोकला सुरू झाला. नेहमीसारखाच वाटला. मग तिनं हात मागं करून मला ढकललं. "जा. आई येती का बघ. जा म्हन्ते ना." तिच्या हातावर लाल होतं. मी पळत वाटेवर जाऊन उभी राहिले. पुष्कळ वेळ उभी होते. खालून बाजाराची माणसं येताना दिसली, त्यात आई दिसली, आणि मी ओरडले. आई धावत माझ्या अंगावरून पडवीत गेली. मी दारापर्यंत गेले तेव्हा ती खाली बसून जमिनीवर राख पसरत होती. सारवलेल्या जमिनीवर राख, आणि राखेतून पुन्हा पुन्हा वर येणारं लाल. अक्का कडेला होती. आईनं मला बघितलं आणि एवढंच म्हणाली, "भाईर हो."

क्षयानं गेली, असं सगळ्यांना सांगितलं. घरात त्यानंतर तिचं नाव कुणी काढलं नाही. पडवीत पुन्हा गुरं बांधली.

हे सगळं मी डॉक्टर बाईंना त्या दिवशी सांगू शकले नाही. एवढंच म्हणाले, "हा आवाज मी ओळखते. माझ्या बहिणीचा असाच होता. तिला टीबी होता म्हणून सांगायचे." त्यांनी मान हलवली आणि सीटी स्कॅनसाठी पाठवलं.

स्कॅनमध्ये उजव्या फुफ्फुसाकडे जाणाऱ्या नळीत गाठ दिसली. मग दुर्बिणीची तपासणी. नाकातून बारीक नळी आत घालतात, घसा बधिर केलेला असतो, आपण जागेच असल्यासारखे असतो. नंतर बाईंनी मला आतलं चित्र दाखवलं. गुलाबी, ओलसर बोगदा, आणि त्याच्या तोंडाशी बसलेली गुळगुळीत, लाल, गोल गाठ. डोंगरात अर्धवट पिकलेलं करवंद असतं तशी. बाजूनं एक चिंचोळी फट तेवढी राहिली होती. माझा श्वास इतकी वर्षं त्या फटीतून शिट्टी मारत जात होता.

"तुकडा घेताना रक्त आलं, पण थांबलं," बाई म्हणाल्या. "या गाठीत रक्तवाहिन्या फार असतात."

तुकड्याच्या अहवालाला वेळ लागला. साध्या तपासणीत नक्की होईना, म्हणून त्यावर आणखी वेगळे रंग देऊन पाहावं लागलं. त्या दिवसांत मी कामावर जात होते. रोज सकाळी रसाच्या नमुन्यात रसायन टाकून रंग कसा बदलतो ते बघायचे, आणि कुठल्यातरी दुसऱ्या प्रयोगशाळेत कुणीतरी माझ्या तुकड्याचं तेच करत असेल, असं वाटून हात थांबायचा.

अहवाल आला तेव्हा बाईंनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं. "कार्सिनॉइड म्हणतात याला. फुफ्फुसाच्या गाठींमध्ये फार थोड्यांना होते. कॅन्सरच्याच नात्यातली, पण शांत स्वभावाची. वर्षानुवर्षं हळूहळू वाढते. तरुण माणसांना होते, विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांना होते, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. दम्याची औषधं घेत लोक वर्षं काढतात. टीबीचीसुद्धा. आणि पूर्ण कापून काढली तर बहुतेक माणसं बरी होतात."

यजमानांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. ते बाईंना ऑपरेशन कुठे, कधी, असं विचारायला लागले. माझ्या कानात एकच वाक्य राहिलं होतं. टीबीचीसुद्धा.

"घराण्यात येते का ही?" मी विचारलं.

"सहसा नाही. क्वचित काही घराण्यांत अशा गाठी एकाहून जास्त जणांना होतात, पण मग इतर ग्रंथीही बिघडलेल्या असतात. तुमचं रक्त तपासून घेऊ."

रक्तात काही निघालं नाही. पुढच्या भेटीत मी पुन्हा तोच विषय काढला आणि या वेळी सगळं सांगितलं. पाठ, फरा, शिट्टी, राख. बाई ऐकत राहिल्या.

"म्हणजे अक्काला हे नव्हतं?" मी शेवटी म्हणाले.

"तुमच्या घराण्यात तो दोष असल्याचं दिसत नाही, एवढंच मी सांगू शकते. तिला काय होतं ते मी कसं सांगू? क्षयाची जुनी गाठ नळीवर दाबत असेल तरी असाच आवाज येतो. तुकडा काचेवर ठेवून पाहिल्याशिवाय कुणालाच कळत नाही."

नमुना नसेल तर उत्तर नसतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. माझं सगळं आयुष्य त्यावर चाललंय. तरीही त्या दिवसापासून अक्का माझ्याबरोबर राहायला आली. हे मी उगाच रंगवून सांगत नाही. भाजी चिरताना, बसमध्ये, टेबलावर नमुना धरून उभी असताना मला माझ्या श्वासाचा आवाज यायचा, आणि तो माझा वाटायचा नाही. कुणीतरी भिंतीकडं तोंड करून बसलंय आणि माझ्या छातीतून श्वास घेतंय, असं वाटायचं. अक्का गेली तेव्हाच्या तिच्या वयापेक्षा मी कितीतरी मोठी झाले होते. मी तिची थोरली बहीण झाले होते, आणि माझी गाठ निघणार होती.

पुण्याला जाऊन सगळ्या शरीराचा एक खास स्कॅन केला. गाठ दुसरीकडे पसरली नव्हती. ऑपरेशन नगरलाच एका मोठ्या रुग्णालयात ठरलं. सर्जन मध्यमवयीन, जाडसर, सावकाश बोलणारे. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर उलटं झाड काढलं. खोड म्हणजे श्वासनलिका, फांद्या म्हणजे तिचे फाटे. एका फाट्यावर त्यांनी टिंब दिलं.

"हा एवढा तुकडा गाठीसकट कापायचा आणि ही टोकं पुन्हा जोडून शिवायची. पण पलीकडचा, फुफ्फुसाचा सगळ्यात खालचा कप्पा इतकी वर्षं कोंडलेला आहे. तो कुजल्यासारखा झालाय. तो काढावा लागेलसं दिसतंय. मधला वाचवायचा प्रयत्न करू. नक्की काय ते टेबलावर कळेल."

आईला आम्ही काही कळवलं नव्हतं. पण भावाला सांगावं लागलं, आणि त्याला आईपासून काही लपवता येत नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी तो तिला घेऊन वॉर्डात आला. ऐंशीच्या घरातली बाई, राजूरहून एसटीनं आलेली, पिशवीत तांदूळ घेऊन. तिला फक्त 'छातीत गाठ आहे, काढायची आहे' एवढंच सांगितलेलं. ती माझ्या पलंगावर टेकली, माझ्या दंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "वाळली गं लई."

मला उबळ आली. मी दुसऱ्या बाजूला वळून खोकले. खोकला थांबला तरी मी तशीच, तिच्याकडे पाठ करून बसले होते. आईला अलीकडे कमी ऐकू येतं. पण तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला होता आणि तो हात एकदम थांबला. हाताखाली तिला ते थरथरणं लागलं असणार. मग मला तिचं डोकं पाठीवर टेकल्याचं जाणवलं. तिनं कान लावला होता. मी श्वास सोडला. अजून एक सोडला. ती हलेना.

"आई?"

"ह्ये तर तिचंच हाय," ती म्हणाली.

मी वळले. इतक्या वर्षांनी आईच्या तोंडून 'ती' आली होती. भाऊ खिडकीकडे जाऊन उभा राहिला.

"तू ऐकलं होतंस कधी तिचं?" मी विचारलं.

"रोज ऐकत हुते. तुमी निजल्याव मी जात हुते तिच्यापाशी. तिची पाठ शेकायला." आईचे हात मांडीवर पडले होते. "तिलाबी गाठच हुती का गं?"

काय सांगायचं ते मी आधी ठरवून ठेवलं होतं. नाही, तिला क्षयच होता, असं. पण तिचा चेहरा बघून ते तोंडातून निघेना. "माहीत नाही आई. डॉक्टर म्हणतात, आता कुणालाच सांगता येणार नाही."

शेजारच्या पलंगावरच्या बाईला जेवणाचा डबा आला, भांड्यांचा आवाज झाला. तेवढ्यात आई हळू आवाजात म्हणाली, "दवाखान्यात बेडका तपासला तवा त्येनी सांगितलं हुतं, ह्यात काय गावलं न्हाई म्हनून. दोनदा तपासला. तरीबी औषद घ्या म्हनाले. आमी घेतलं." मग जरा थांबून, "मंग मी तिचं ताट का येगळं केलं?"

ते ती मला विचारत नव्हती. मी तिचा हात धरला. तिनं तो काढून घेतला आणि पिशवीतले तांदूळ भावाकडे देत म्हणाली, "ह्ये जावायाकडं दे. भिजतील हितं."

ऑपरेशनचं मला काहीच आठवत नाही, कुणालाच आठवत नाही. यजमानांनी नंतर सांगितलं की सकाळी आत नेलं ते पार दुपार कलल्यावर बाहेर आणलं. आई तेवढा वेळ पायरीवर बसून होती. आत ये म्हटलं तरी आली नाही, चहा घेतला नाही. शेवटी सर्जन बाहेर आले आणि गाठ निघाली, मधला कप्पा वाचला, खालचा गेला, असं म्हणाले. यजमानांना रडू फुटलं. आईनं विचारलं, "रगत लई गेलं का?" सर्जन म्हणाले, "फार नाही आजी." तेव्हा ती उठली.

मला जाग आली ती अतिदक्षता विभागात, दुसऱ्या दिवशी उजेडात. उजव्या कुशीतून एक नळी निघून खाली बाटलीत गेली होती आणि बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे येत होते. छाती एखाद्या पट्ट्यानं आवळल्यासारखी. पडद्यापलीकडे कुणीतरी खोकत होतं. बाईचा खोकला, दाबून धरलेला, पुन्हा सुरू होणारा. मला त्या आवाजाचा त्रास होत नव्हता. उलट सोबत वाटत होती. नर्स आली तेव्हा मी विचारलं, "त्या बाईंना काय झालंय?"

"कोणत्या?"

मी पडद्याकडे डोळे फिरवले. नर्सनं पडदा सरकवला. पलंग रिकामा होता, चादर ताणून घातलेली. "सकाळपासून कोणी नाही तिथं," ती म्हणाली. "औषधांनी होतं असं. झोपा तुम्ही."

औषधांनीच झालं असेल. वेदनेची औषधं माणसाला काय काय ऐकवतात, हे मला नंतर दोघातिघांनी सांगितलं. मी ते मानते. पण पडदा सरकवल्यानंतर तो खोकला थांबला, आणि पडदा सरकवायला नको होता असं मला वाटलं, तेही खरं आहे.

पुढचे दिवस श्वासाच्या व्यायामाचे. प्लास्टिकच्या डबीत तीन गोळे असतात, नळी तोंडात धरून श्वास ओढला की ते वर उचलले जातात. पहिल्या दिवशी एकही हलेना. आई शेजारी बसून त्या गोळ्यांकडे टक लावून बघायची, आणि मी श्वास ओढायला लागले की तिचाही श्वास आत जायचा आणि तिथंच अडकायचा. गोळा वर गेला की ती सोडायची. कुशीतली नळी काढली, मी चालायला लागले. काढलेल्या गाठीचा शेवटचा अहवाल आला. कडेला गाठीच्या पेशी नाहीत, आसपासच्या ग्रंथी स्वच्छ. पुढं औषधाची गरज नाही, फक्त वर्षाला एकदा तपासणी, तीही पुष्कळ वर्षं.

आई आमच्याकडे कॉलनीत राहिली. टाके काढायला नगरला गेलो त्या दिवशी तिनं हट्ट धरला की तिलाही यायचंय. सर्जननी टाके काढले, मग आम्ही छातीच्या डॉक्टर बाईंकडे गेलो. बाईंनी पाठीला स्टेथोस्कोप लावला, उजवीकडे खाली बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "स्वच्छ."

आई उभीच होती. ती पुढं झाली. "बाई, मला एक इचारायचंय. माझ्या थोरलीला बी हेच हुतं का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची सोडून टेबलाला वळसा घालून त्या आईजवळ आल्या आणि तिला स्टुलावर बसवलं. "आजी, तिला संध्याकाळचा ताप यायचा का?"

"न्हाई. मधनंच कवा तरी यायचा. मंग जायाचा."

"वाळली होती?"

"शेवटाला. आधी न्हाई. आधी चांगली हुती अंगानं."

"घरात आणखी कुणाला झालं का तसं? खोकला, क्षय?"

"कुनालाच न्हाई."

बाईंनी पुढचा प्रश्न विचारला नाही. खिडकीबाहेर रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजत होता. "मला खरंच सांगता येणार नाही आजी," त्या म्हणाल्या. "असेलही, नसेलही. आणि तेव्हा कळलं असतं, तरी हे ऑपरेशन करणारं इकडं जवळपास कुणी नसणार. मुंबईला न्यावं लागलं असतं."

आई लगेच म्हणाली, "न्हेली असती की."

आई उठून पदर सारखा करत पुन्हा म्हणाली, "पाठुंगळी न्हेली असती."

दुसऱ्या दिवसापासून तिनं अक्काबद्दल बोलायला सुरुवात केली. जन्मल्यावर ती किती गोरी होती. पहिल्यांदा राजूरच्या बाजारात नेली तेव्हा बांगडीवाल्याच्या पालासमोरून हलेना. लावणीच्या वेळी सगळ्यांच्या पुढं असायची. सासरी निघताना रडली नव्हती, सगळ्यांना नवल वाटलं होतं, आणि गाडी वळणावर गेल्यावर उतरून परत पळत आली होती, माझ्या पायातला वाळा सारखा करायला. मी तेव्हा पाळण्यात होते. हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. दुपारभर आई बोलायची आणि मी कुशीला उशी दाबून पडल्या पडल्या ऐकायचे. इतकी वर्षं माझ्याजवळ अक्काची फक्त पाठ होती. आता हळूहळू तिला चेहरा येऊ लागला. मला ते हवंही होतं आणि त्याची भीतीही वाटत होती, कारण जितकी ती जिवंत होत होती तितकी ती पुन्हा मरायची होती.

मी कामावर रुजू झाले तशी आई गावी गेली. काही दिवसांनी भावाचा फोन आला. आईनं पडवीतली गुरं दुसरीकडे बांधायला लावली, पडवी सारवली आणि तिथं आपलं अंथरूण नेलं. त्यानं खूप समजावलं. ती म्हणाली, "मला हितं बरं वाटतं."

त्याच थंडीत शेजारच्या घरातली नवी सून खोकायला लागली. घरातली माणसं सर्दी म्हणत होती. आई त्यांच्याशी भांडली आणि स्वतः तिला राजूरच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. छातीचा फोटो काढायला लावला, बेडका तपासायला लावला. तो क्षय निघाला, खराखुरा. सासरच्यांनी तिला माहेरी धाडायची भाषा केली तेव्हा आई त्यांच्या अंगणात जाऊन बसली आणि उठेना. सून राहिली. औषधं पुरी केली. बरी झाली. भाऊ सांगत होता की ती मुलगी आता आईला घरच्या माणसासारखी विचारून सगळं करते. मला बरं वाटलं. आईला किती बरं वाटलं असेल ते मला कळत नाही. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तिला औषद लागू झालं," आणि विषय बदलला.

माझी तपासणी दर वर्षी होते. त्या गोल यंत्रात झोपवतात आणि एक आवाज सांगतो, श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. मी घेते, धरते, सोडते. एक कप्पा कमी असूनही जिना चढते, कामाची पूर्ण पाळी उभी राहून करते. छाती शांत आहे. यजमानांना आता झोप लागायला वेळ लागतो, असं ते गमतीनं म्हणतात.

तपासणीचा निकाल आला की मी पहिला फोन आईला करते. तिच्यासाठी आता फोनवर मोठ्यानं बोलावं लागतं. यंदा भाऊ, वहिनी सगळे शेतावर होते, घरात ती एकटीच होती.

"आई, काही निघालं नाही."

"न्हाई ना निघालं काय?"

"नाही."

"बरं झालं." मग तिनं फोन कानापासून दूर केल्याचं मला कळलं, कारण तिचा आवाज लांब गेला आणि मऊ झाला. "न्हाई निघालं गं काय," ती कुणाला तरी सांगत होती. "चांगली हाय ती."

मी फोन ठेवला नाही. पलीकडून उत्तर यावं तेवढा वेळ ती थांबली, आणि मीही.